पितळी पक्ष्याची मान

एकदा एका वृद्ध कारागिराच्या शिष्याची परीक्षा होती. सहा वर्षे शिकून त्याने बोटाच्या पेराएवढा पितळी पक्षी घडवला होता. त्याची मान म्हणजे एकजीव केलेली पट्टी, खालून पितळ, वरून लोखंड. खाली इवलासा दिवा लावला की पितळ लोखंडापेक्षा जास्त लांबे, पट्टी वर वाके आणि पक्षी मान उचले. ज्योतीपासून दूर जाऊन पट्टी निवली की मान पुन्हा खाली येई.

दुपारी एक व्यापारी पाहायला येणार होता. मान हलत राहिली, तर शिष्याला व्यापाऱ्याच्या नगरात स्वतःचे दुकान मिळणार होते. नाही तर आणखी तीन वर्षे कानस घासणे आले. आणि परीक्षेच्या वस्तूला गुरूने बोटही लावायचे नाही, असा त्या घरचा दंडक.

शिष्य सकाळपासून पक्ष्याभोवती घिरट्या घालत होता. वाऱ्याने ज्योत हलली तर? त्याने खिडकी लावून घेतली. पट्टीची ऊब निसटली तर? त्याने तिच्या बुडाशी लोकर गुंडाळली. तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हणून वातही वाढवली. गुरुजी मात्र कोपऱ्यात निवांत सुपारी कातरत होते. शिष्याला त्यांचा मनातून रागच आला.

व्यापारी येऊन बसला. पक्ष्याने झोकात मान उचलली. ती वरच राहिली.

व्यापाऱ्याने घसा साफ केला. शिष्य गोंधळला. आच कमी पडते आहे, असे वाटून तो वात आणखी वर सारणार, तोच गुरुजी उठले आणि त्यांनी फुंकर मारून दिवाच विझवला.

आता संपले सारे, असे शिष्याला वाटले. पण थोड्या वेळाने पक्ष्याची मान हळूहळू खाली आली.

गुरुजी म्हणाले, "बाळ, मोठी घंटा तापायला वेळ लागतो नि निवायलाही. हा एवढासा जीव क्षणात तापतो. तापणे त्याला शिकवावे लागत नाही. तापून मान वर जाते, पण निवल्याशिवाय ती खाली येत नाही, आणि खाली आल्याशिवाय पुन्हा वर जायची नाही. तू उष्णता दिलीस, तिला जायला वाट ठेवली नाहीस. भीतीने सगळी दारे लावून घेतलीस."

शिष्याने लोकर सोडली, खिडकी किलकिली केली, वात कमी करून दिवा लावला. मान वर गेली. त्याने श्वास रोखला. मान खाली आली, पुन्हा वर गेली.

व्यापाऱ्याने हसून विचारले, दुरुस्ती कोणी केली? गुरुजी म्हणाले, "त्यानेच. मी फक्त दिवा विझवला."

तेव्हा शिष्याच्या ध्यानात आले की आपण अजून श्वास सोडलेलाच नाही. त्याने तो सोडला.