न घेतलेलं नाव

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सारे त्यांना तात्या म्हणत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं आणि नको ते कापून कॅसेटी तयार केल्या. कॅसेटींचे दिवस सरले, तेव्हा त्यांच्याकडे कोर्टाचं काम येऊ लागलं. ज्यांना कोर्टापर्यंत येणं झेपत नाही, त्यांची साक्ष घरी जाऊन चित्रित करायची आणि खटल्यात दाखवण्याजोगी नीट करायची.

रेणू ही त्यांची शिष्या. आज तिचेही केस पिकले, पण ती खोली तिला अजून आठवते. भिंतीशी कॅसेटींची चवड, तापलेल्या यंत्रांचा वास, आणि तिने घाईने काही कापलं की तात्यांचं ते म्हणणं, "हळू, पोरी. माणूस आहे तो, काकडी नव्हे."

तिच्या हाती पहिली साक्ष आली ती हौसाबाईंची. गावात एक गोठा जळाला होता, आत निजलेला गडी गेला, आणि आळ आला शाळेतल्या मास्तरांवर. आग लावणाऱ्याला हौसाबाईंनी पाहिलं होतं. बाई आता अंथरुणाला खिळलेली. साक्ष दिली आणि थोड्याच दिवसांत गेली. पुन्हा विचारायची सोय उरली नाही. मास्तर तुरुंगात जायचे की घरी, ते आता त्या साक्षीवर होतं.

कोर्टाचा हुकूम साधा होता. खोकला, चहापाणी, लाईट गेली ते काढा, शब्दाला हात लावू नका. रेणूने तसंच केलं आणि मोठ्या उमेदीने तात्यांना दाखवलं.

"मास्तर दिसले का तिथं?" वकील विचारतात.

"दिसले की."

"मग आग लावली कोणी?"

"त्यांनी."

तात्यांनी मूळचं चित्रीकरण लावलं आणि आवाज पार बंद केला.

"अहो तात्या, साक्ष ऐकायची असते ना?" रेणू हसली.

"आज बघ तर खरी."

रेणू बघू लागली. शेवटचा प्रश्न विचारून वकिलांनी कागदात डोकं घातलेलं. हौसाबाई गप्प. नजर भिंतीवर. मग तिचा हात सावकाश गळ्याशी गेला, जिथं आता काही नव्हतं तिथं चाचपडला, आणि तिने पदर ओढून घेतला. तेव्हा कुठं ओठ हलले.

"ती नुसती थांबली होती, म्हणून काढलं," रेणू म्हणाली. "शब्द एकही कापला नाही, तात्या!"

"माझी आई रेशनच्या दुकानात जायची," तात्या म्हणाले. "दुकानदार विचारी, घरधन्याचं नाव काय? की आई मला कोपराने ढोसायची, 'सांग की रे मेल्या!' बाप गेला, तरी तिने त्याचं नाव घेतलं नाही. आमच्या घरात 'ते' म्हटलं की एकच माणूस. पोरी, 'मास्तरांनी' म्हणायला हौसाबाईला कसली अडचण होती? जिथं तिची जीभ अडते, असं नाव जगात एकच. मेलेल्या नवऱ्याचा गुन्हा सांगायला तिला तेवढा वेळ लागला. तो वेळ तू कचरा म्हणून काढलास. शब्द तेवढे राखलेस, बाई, आणि तिचं सांगणं फेकून दिलंस."

रेणूचा चेहरा उतरला. तिने ती शांतता होती तशी, होती तिथं परत ठेवली.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी ती जागा दोनदा लावायला सांगितली. मग आजवर कुणीच विचारला नव्हता तो प्रश्न विचारला, "या बाईंचे यजमान त्या दिवशी कुठं होते?" मागच्या बाकावर हौसाबाईंच्या जावेने मान खाली घातली.

मास्तर घरी आले. पुढे तात्या गेले, ती खोलीही गेली. पण बोलता बोलता समोरचं माणूस थांबलं, तर रेणू अजूनही त्याला शब्द पुरवत नाही, नुसती बघत बसते. तेवढं आपल्याला जमलं तरी पुष्कळ.