मांडीवरची भाषा

ऐकणाऱ्यांनो, सांगा पाहू, मूल बोलायला कुठे शिकते? पाटीपुढे, की कुणाच्या मांडीवर?

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात डोंगरापलीकडचा एक मांत्रिक पाहुणा म्हणून आला आणि आपल्या भाषेत आशीर्वाद देऊ लागला. राजा हसला. म्हणाला, "ही भाषा, की घागरीतले खडे?" दरबारही हसला.

मांत्रिक म्हणाला, "जिला हसलास ती भाषा तुझ्या रक्तामांसाच्या तोंडून घरच्यासारखी ऐकू येईल, तेव्हाच तुझी नदी सुटेल."

त्याच क्षणी नदी आटली. तिच्या उगमावर सोन्याच्या चोचीचा करकोचा एका पायावर येऊन उभा राहिला.

राजाने पंडिताकडून ती भाषा शिकून घेतली आणि उगमापाशी जाऊन बोलून दाखवली. करकोचा म्हणाला, "तू मनात आधी तुझी भाषा बोलतोस, मग माझी. परत जा."

राजाला एकच लेक, शलाका. नुकती बोलू लागलेली. राजा म्हणाला, "हिला शिकवा."

पहिला आला पंडित. त्याने छडी घेतली आणि शब्द घोकून घेतले. पोर शब्द म्हणे आणि रडे. पुढे पुढे पंडिताची पावले वाजली की ती पलंगाखाली शिरे.

दुसरा आला जादूगार. त्याने तिच्या जिभेवर मंतरलेला मध लावला. पोर घडाघडा बोलू लागली. पण मांजर म्हणताना मांजराकडे पाहीना. मध विरघळला, तशी भाषाही विरघळली.

तिसरी आली डोंगरापलीकडची ओयारी नावाची बाई. तिने पाटी मागितली नाही. घंगाळभर पाणी, एक मांजर आणि वाटीभर दूधभात मागितला. न्हाऊ घालताना ती आपल्या भाषेत पाण्याशी भांडे. शलाकाचा घास मुद्दाम मांजरापुढे नेई, आणि पोर हसत ओरडे, "मला, मला!" थोड्याच दिवसांत ते 'मला, मला' ओयारीच्या भाषेत येऊ लागले. पोर चुकली तर ओयारी रागावत नसे. तेच वाक्य नीट करून खेळात परत म्हणे.

राजाने विचारले, "बाई, किती दिवस लागतील?"

"मूल वाढायला लागतात तितके, महाराज."

"आमची भाषा तिच्या कानी पडूच दिली नाही, तर?"

"तसं करू नका. लेकराच्या तोंडात दोन भाषा सुखानं नांदतात. आईची तोडू नका."

"माणसं तहानेनं मरताहेत. मला सल्ला नको, नदी हवी."

राणी मृणावतीला लेकीच्या महालात जायची बंदी झाली. राणी म्हणाली, "मी तोंड उघडणार नाही. नुसती वेणी घालीन."

"तुझ्या गप्प बसण्यातही आपलीच भाषा आहे," राजा म्हणाला, आणि दार लागले.

काही उन्हाळे गेले. मग शलाकाला उगमापाशी नेले. ओयारी मागे थांबली, राणी तिच्याही मागे.

करकोच्याने आपल्या भाषेत विचारले, "भूक लागली का?"

"लागली. पण भात मांजराला देऊ नका."

"कशाला भितेस?"

"छडीला."

"भीती वाटली की कुणाला हाक मारतेस?"

"ओयारीला."

ती भाषा राणीला येत नव्हती. पण एवढा एक शब्द तिला कळला.

करकोच्याने पाय उचलला आणि नदी सुटली. लोक घागरी घेऊन धावले. राजाने ओयारीला शालू दिला आणि म्हणाला, "तुझं काम झालं. आता लेक तिच्या आईकडे."

"महाराज, मला थोडे दिवस राहू द्या. मी दोघींच्या मध्ये बसेन."

"पुरे झालं तुझं बसणं," राजा म्हणाला. सूर्य मावळायच्या आत ओयारीची पालखी सीमेपार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. शलाका उठली आणि तिने ओयारीच्या भाषेत पाणी मागितले. राणीने बाहुली दिली, मग मांजर आणून दिले. पंडिताला बोलावले, पण तिने पाण्याला म्हटलेला तो लहान मुलांचा शब्द होता, त्याच्या पोथीत नव्हता.