यक्षराजाने सोडलेली गाठ

पूर्वी सुमेधवती नगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्याचे या कथेत एवढेच काम, की काळ कोणता ते कळावे. त्याच्या राज्याच्या उत्तरेला शालवृक्षांचे दाट अरण्य होते, आणि त्या अरण्यात बोधिसत्त्व यक्षांचा राजा होऊन जन्मला होता. त्याचे नाव पर्णध्वज.

हे यक्ष म्हणजे मुलांना भिववायला सांगतात तसले नव्हेत. उंच, सडपातळ, देखणी माणसेच म्हणा. फक्त कानांची टोके पिंपळपानासारखी निमुळती. म्हातारपण त्यांना हजार वर्षांनी येई, आणि झाडांचे बोलणे त्यांना समजे. पर्णध्वजाला तर ते जरा जास्तच समजे. कोणते झाड कोणावर रुसले आहे, कोणाच्या ढोलीत मधमाश्यांनी भांडण मांडले आहे, हे निस्तरण्यात त्याची सकाळ जाई. वसंतात तो पळसफुलांचा मुकुट घाली, शरदात लाल पानांचा. शिशिरात झाडे निष्पर्ण झाली की तोही बोडक्यानेच फिरे. "प्रजा उघडी असताना आपण कसलं नटायचं?" असे म्हणे.

त्याचे सिंहासन जिवंत वडाच्या मुळाचे होते. ते मूळ आधी कणाकणाने आणि अलीकडे दरवर्षी बोटभर वर येई. आजोबांचे पाय जमिनीवर टेकत, वडिलांचे जेमतेम टेकत, आणि पर्णध्वजाचे पाय लहान मुलासारखे हवेत लोंबकळत. कोणी मूळ तासायची गोष्ट काढली की तो म्हणे, "वाढू दे की त्याला. माझे पाय काही दुखत नाहीत." दुखत असत; पण ते तो कोणाला सांगत नसे.

या अरण्याभोवती चकव्याची वेल होती. पर्णध्वजाच्या बालपणी माणसांनी कुऱ्हाडी आणून अर्धे अरण्य पाडले, आणि त्याचे वडील आपल्या झाडाबरोबरच कोसळले. तेव्हा वृद्ध अमात्य स्थाणुकाने पोरक्या राजपुत्राला कडेवर घेऊन ती वेल लावली. तीनशे वर्षांनी ती सगळ्या अरण्याला वेढा घालून परत आली, आणि पर्णध्वजाने तिची दोन्ही टोके सिंहासनाच्या पायाशी गाठ मारून बांधली. त्या दिवसापासून कोणी माणूस अरण्यात शिरला की चालून चालून पुन्हा निघाला तिथेच येऊन उभा राही. ती गाठ फक्त राजाच्या हाताने सुटणारी होती, आणि एकदा सुटली की वेल वाळून जाणार होती.

पर्णध्वजाची राणी शिरीषा. ती त्याच्याहून चाळीस वर्षांनी मोठी होती आणि हे ती त्याला विसरू देत नसे. अरण्यातले सर्वांत धाकटे मूल म्हणजे राजा स्वतःच. त्याच्यानंतर तिथे पाळणा हललाच नव्हता. म्हणून राणीला दिवस गेले तेव्हा सगळे अरण्य हरखून गेले. पण कळा सुरू झाल्या आणि एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. बाळंतपण करणारी म्हातारी यक्षिणी कधीच वारली होती, आणि मूल जन्माला कसे आणायचे हे कोणालाच आठवत नव्हते.

राणी दोन दिवस कळा सोसत होती. राजा तिच्या उशाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी पहाटे स्थाणुक कोणाला न विचारता अरण्याबाहेर पडला. अरण्याला वळसा घालून जाणाऱ्या वाटेवर त्याला गोमती नावाची एक म्हातारी सुईण घाईघाईने जाताना दिसली. त्याने तिला झोपेचे फूल हुंगवले आणि पाठीवर घालून आत आणले. झोपलेल्या माणसाला दिशा नसते, म्हणून त्याला चकवाही लागत नाही.

उन्हे चांगली वर आली तेव्हा गोमती जागी झाली. तिने आधी राजाकडे पाहिले, मग त्याच्या मुकुटाकडे, मग सिंहासनावरून लोंबणाऱ्या पायांकडे.

"कोण रे बाबा तू? आणि तुला पायाखाली काही द्यायला तुझ्याकडं कुणी नाही का?"

स्थाणुक रागावला. राजाला मात्र इतक्या काळजीतही हसू फुटले. तो खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "आई, माझी राणी अडली आहे. तिला बघ."

गोमती लगेच आत गेली. हात धुऊन तिने राणीचे पोट चाचपले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "पहिलटकरीण आहे. बाळ डोक्याकडूनच आहे, पण आळशी आहे. सूर्य मावळेपर्यंत ते काही येत नाही. मावळल्यावर मात्र जाणती बाई हाताशी हवी, नाहीतर दोघंही हाती लागायची नाहीत."

"मग तू इथेच आहेस," राजा म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला.

"मी कशी असेन?" गोमतीचा आवाज चढला. "कुंभारांच्या गावात रेवती अडलीय. तिचं मूल आडवं आहे. दोन मुलं आधीच गेलीत तिची. तिला या हातांनीच जगात आणलीय मी, आणि दुपारपर्यंत पोचले नाही तर या हातांनीच न्हाऊ घालून पोचवायची वेळ येईल. तुमच्या या म्हाताऱ्यानं मला वाटेतून उचलली. आता वळसा घालून जायलाही वेळ उरला नाही. मला सरळ मधून जाऊ दे. तिची सुटका करते आणि दिवस मावळायच्या आत परत येते."

स्थाणुकाने राजाला बाजूला घेतले. "महाराज, हिला जागेपणी बाहेर काढायचं म्हणजे गाठ सोडावी लागेल. फूल पुन्हा हुंगवलं तर ही संध्याकाळपर्यंत उठायची नाही. आणि गाठ सोडल्यावर ही गेली, तर परत कशाला येईल? माणसं या अरण्यात परत येतात ती कुऱ्हाड घेऊन. तुमचे वडील कसे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही बोलू नका. नुसते गप्प बसा. चकवा आहे, ती जाऊन जाऊन कुठं जाईल?"

खरे सांगायचे तर राजाला ते बोलणे गोड लागले. त्याला काहीच करायचे नव्हते. कोणाला बांधायचे नव्हते, कोणाला मारायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते, आणि राणी वाचणार होती. तो थोडा वेळ गप्प बसलाही. मग त्याला जाणवले की या गप्प बसण्यानेच कुंभारांच्या गावातली एक बाई मरणार आहे, आणि तिचे नाव आता त्याला ठाऊक झाले आहे.

तो राणीकडे गेला. तिचा घामेजला हात हातात घेऊन त्याने सगळे जसेच्या तसे सांगितले. "शिरीषा, राज्य माझं आहे, ते मी पणाला लावू शकतो. तुझा जीव माझा नाही. म्हणून विचारायला आलो."

राणी बराच वेळ डोक्यावरच्या पानांकडे पाहत राहिली. एक कळ आली आणि ओसरली.

"तिकडं तीही अशीच वर बघत पडली असेल," ती म्हणाली. "तिला कुणी विचारायलाही आलं नसेल. सोडा सुईणीला. पण लवकर ये म्हणावं. मी काही फार शूर नाही." आणि मग ती रडली. राजाही रडला.

मग त्याने बाहेर येऊन सिंहासनाच्या पायाशी गुडघे टेकले आणि गाठ सोडली. वेलीची दोन्ही टोके अलग झाली. तीनशे वर्षे वाढलेल्या त्या वेलीची पाने त्याच्या डोळ्यांदेखत माना टाकू लागली. स्थाणुकाने तोंड फिरवले.

राजाने स्वतः गोमतीला अरण्याच्या काठापर्यंत सोडले. तिथून पुढे यक्षांना जिवाची भीती असे. ती पदर खोचून झपाझप उतारावरून निघाली. वळणावर तिने मागे पाहिले आणि ओरडून सांगितले, "तिला पडून ठेवू नका, हिंडवा! आणि कोमट पाणी पाजा!" एवढा निरोप जपून घेऊन राजा परतला.

दुपार झाली. राजा राणीला धरून झाडांखालून हिंडवत होता. दुपार टळली. वेल मुळापर्यंत पिवळी पडली. राणीच्या कळा जवळ जवळ येऊ लागल्या, आणि तिचे चालणे थांबले. ऊन कलले तरी गोमतीचा पत्ता नव्हता. राजा तोंडाने धीर देत होता, पण त्याचे कान काठाकडे लागले होते.

इतक्यात पहारेकरी धावत आले. "महाराज, माणसं आत शिरलीत! एकदोन नाहीत, घोळकाच आहे. आणि पुढच्याच्या खांद्यावर कुऱ्हाड आहे!"

स्थाणुकाने धनुष्य उचलले. राजाला तो एक अक्षरही टोचून बोलला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. दोघे धावत वाटेच्या तोंडाशी गेले आणि जाळीआड उभे राहिले.

समोरून चार दांडगे कुंभार खांद्यावर बाज घेऊन पळत येत होते. बाजेवर गोमती बसली होती आणि चौघांवर सारखी ओरडत होती. तिचा पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजला होता. मागून दोन बायका तेलाची आणि ऊन पाण्याची मडकी सांभाळत येत होत्या. सर्वांत पुढे रेवतीचा नवरा होता, आणि कुऱ्हाड त्याच्याच खांद्यावर होती. वाट अरुंद झाली तिथे शालवृक्षाची एक फांदी आडवी आली. बाज अडली. त्याने कुऱ्हाड उगारली.

स्थाणुकाने बाण कानापर्यंत ओढला. राजाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तात, थोडं थांबा."

"खबरदार!" बाजेवरून गोमती कडाडली. "लोकांच्या घरी दार तोडून जातोस का रे? ज्याच्या घरातनं वाट मिळाली म्हणून तुझी बायको अन् लेक वाचली, त्याच्याच घरावर कुऱ्हाड? ठेव खाली! बाज वाकडी करा, मी धरून बसते!"

तो माणूस शरमला. त्याने उगारलेली कुऱ्हाड वाटेबाहेर भिरकावली, फांदीला हात जोडले आणि बाजेला खांदा दिला. बाज तिरकी झाली, म्हातारी तिला घोरपडीसारखी चिकटून राहिली, आणि वरात फांदीखालून निघाली. स्थाणुकाच्या हातून बाण केव्हा गळून पडला ते त्याचे त्यालाच कळले नाही.

सूर्य शालवृक्षांच्या शेंड्यांना टेकला होता तेव्हा गोमतीने राणीपाशी बैठक मारली. तो पुरता मावळायच्या आत आतून रडणे ऐकू आले. मुलगा झाला होता. राणी थकून हसत होती. गोमतीने बाळाला तेल लावले, नाक चिमटून सरळ केले, डोके चोळून गोल केले, आणि मग कानांची निमुळती टोके दाबून दाबून गोल करायला घेतली. ती काही केल्या वाकेनात. "जन्मखूण दिसतेय, बाई," ती राणीला समजावू लागली, "वाईट वाटून घेऊ नकोस, मोठेपणी केसांत झाकतील." राणीने हसू दाबत आपले केस मागे सारले, आणि शेजारी उभ्या राजाचेही.

चकव्याची वेल त्यानंतर पुन्हा कोणी लावली नाही. कुंभारांच्या गावाने आपण होऊन नेम केला, की त्या रानातले हिरवे झाड तोडायचे नाही. भट्टीला लागेल ते सरपण गळालेल्या काटक्यांचेच. पुढे पाहुणा म्हणून आलेल्या माणसालाही ते आधी हे सांगत आणि मगच पाणी देत. लोक त्या रानाला देवराई म्हणू लागले. आणि रेवती दरवर्षी लेकीला घेऊन तिथे येई. येताना ती भाजलेल्या मातीची बोटभर जाडीची एक फरशी आणी आणि राजाच्या पायाखालच्या फरशांवर ठेवी. मूळ बोटभर वर येई, फरशीही बोटभर वर चढे. राजाचे पाय त्यानंतर कधी लोंबकळले नाहीत. ती फरशी काठापासून सिंहासनापर्यंत डोक्यावरून वाहून आणण्याचा मान स्थाणुकाने दुसऱ्या कोणाला कधी दिला नाही.

पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली ती एका लहानशा कारणावरून. त्यांना खोकला झाला होता. विहारातल्या औषधांच्या खोलीत तुपाचे एकच मडके उरले होते, आणि खोली सांभाळणाऱ्या सुबाहुक भिक्षूने ते शास्त्यांसाठी कडी लावून राखून ठेवले होते. प्रवासातून तापाने फणफणत आलेल्या एका परक्या भिक्षूला त्याने "तूप संपलं" असे सांगितले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा स्थाणुक म्हणजे आपला सुबाहुक. माझ्यावरच्या मायेपोटी दुसऱ्याची वाट अडवायची याची खोड आजची नाही. गोमती म्हणजे रोज दाराशी पेज घेऊन येणारी आणि तुम्हा सगळ्यांना रागावणारी म्हातारी नंदिका. राणी शिरीषा ती राहुलमाता, ज्याचे कान वाकले नाहीत तो राहुल, आणि यक्षराजा पर्णध्वज तो मीच."

भिक्षू हसले. सुबाहुकही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. तो उठला, कडी काढून तुपाचे मडके घेतले आणि त्या आजारी भिक्षूच्या उशाशी जाऊन बसला. खोलीचे दार तसेच उघडे राहिले. आपल्या माणसासाठी जीव तुटत असतानाही परक्याची वाट मोकळी ठेवणे, याला मैत्री म्हणतात. बुद्धत्वासाठी जे गुण पूर्णत्वाला न्यावे लागतात त्यांतली तीच पारमिता यक्षराजाने त्या जन्मी पुरी केली.