करवंदीच्या काट्यात पिल्लू

एक खूप जुनी बाग होती. तिथे देशोदेशीची झाडं होती. झाडांवर त्यांच्या नावांच्या पाट्या होत्या.

त्या बागेत राहायची इवली शिंपीण. चोचीने पानं शिवणारी पक्षीण. तिने लिंबाचं पान शिवलं. घरटं केलं. घरट्यात एकच पिल्लू.

एकदा भर दुपारी पान फाटलं. टप्प. पिल्लू पडलं खालच्या करवंदीत. चहूकडे काटे. पिल्लू रडू लागलं. चिक् चिक्. चिक् चिक्.

शिंपीण म्हणाली,
“करवंदीताई, करवंदीताई, फांदी वळव.
काट्यात पिल्लू माझं.”

करवंदी म्हणाली, “मी तहानलेली. फांदी वाळली. वळवली तर मोडेल. पाटाचं पाणी आलं, की वळवते.”

शिंपीण गेली पाटाकडे. भुर्र भुर्र.
“पाटदादा, पाटदादा, पाणी सोड.
करवंदी वळेना,
काट्यात पिल्लू माझं.”

पाट म्हणाला, “सागाची पानं साचली. माझी वाट अडली. वाऱ्याने उडवली, की सोडतो.”

शिंपीण गेली वाऱ्याकडे. भुर्र भुर्र.
“वारेदादा, वारेदादा, पानं उडव.
पाणी येईना,
करवंदी वळेना,
काट्यात पिल्लू माझं.”

वारा म्हणाला, “वडाच्या पारंब्या दाट. मला शिरता येईना. वडाने हलवल्या, की येतो.”

शिंपीण गेली वडाकडे. भुर्र भुर्र.
“वडआजोबा, वडआजोबा, पारंब्या हलवा.
वारा सुटेना,
पाणी येईना,
करवंदी वळेना,
काट्यात पिल्लू माझं.”

वड हळूच म्हणाला, “शू. पारंब्यांना झोळी बांधली आहे. झोळीत बाळ आहे. रात्रभर तापलं होतं. आत्ता डोळा लागलाय. त्याच्या आईने उचललं, की हलवतो.”

बाळाची आई तानूमावशी. ती बागेतलं गवत काढत होती. शिंपीण गेली तिच्याकडे. भुर्र भुर्र.
“तानूमावशी, तानूमावशी, बाळ उचल गं.
वड हलेना,
वारा सुटेना,
पाणी येईना,
करवंदी वळेना,
काट्यात पिल्लू माझं.”

तानूमावशीने खुरपं खाली ठेवलं. झोळीत पाहिलं. मग करवंदीकडे पाहिलं. आतला आवाज अगदी बारीक झाला होता. चिक्.

“माझं बाळ खांद्यावर झोपेल गं,” ती म्हणाली. “तुझं कुठे झोपेल?”

तिने बाळ उचललं. अलगद. झोळी सोडली.

मग वड हलला. सळसळ सळसळ.
वारा सुटला. सूं सूं.
पानं उडाली. फड फड.
पाणी आलं. झुळझुळ झुळझुळ.
करवंदी प्यायली. घट घट.
फांदी मऊ झाली. हळूहळू वळली.

पिल्लू बाहेर आलं. लटपट लटपट.

शिंपीण जवळ आली. तिने पंख पसरला. पिल्लू आत शिरलं. गप्प झालं.

तानूमावशी बाळाला थोपटत होती. थप् थप्. थप् थप्.

दोन्ही बाळं झोपली. गोष्टही झोपली.