बस्त्याव पवित्र भूमीला गेला

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा एक भोळा तरुण राहायचा. भोळा म्हणजे किती? आईने त्याला वाळत घातलेल्या बोंबलांवर नजर ठेवायला सांगितलं. कावळ्यांनी बोंबील पळवले तेव्हा त्याची नजर बोंबलांवरच होती. शेवटचा बोंबील चर्चच्या कौलांपर्यंत गेला तरी त्याने नजर हटवली नाही.

त्या चर्चचा एक युवा संघ होता आणि विल्फ्रेड त्याचा पुढारी. संघाला दरवर्षी आध्यात्मिक वाढ हवी असायची. मागच्या वर्षी ती आणायला सगळे गोव्याला गेले आणि काजू घेऊन आले. या वर्षी जेरुसलेमला जायचं ठरलं. पुढच्या वर्षी रोम हवं होतं. रोममध्ये घालायचा गॉगल विल्फ्रेडने आताच घेऊन ठेवला होता.

चर्चचे फादर आल्बन या सहलींना कंटाळले होते. ते म्हणाले, "बस्त्यावला बरोबर न्या. तो थोडा जरी शहाणा होऊन आला, तर तुमची वाढ झाली असं मी मानेन. नाही झाला, तर रोम विसरा."

विल्फ्रेडला बस्त्याव नको होता. पण रोमसाठी माणूस काय करत नाही? तो हो म्हणाला.

निघताना फादरांनी बस्त्यावला जवळ घेतलं. "बाळा, पवित्र भूमी आली की पायातले जोडे काढायचे आणि गुडघे टेकायचे."

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिपाई म्हणाला, "जोडे काढा."

बस्त्यावने जोडे काढले. मग गुडघे टेकले, फरशीचा मुका घेतला आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला लागला. मागे रांग खोळंबली. कोणाची तरी बॅग त्याच्या पाठीवर आदळली. शिपायाने विल्फ्रेडला बाजूला घेऊन बरेच प्रश्न विचारले.

"मूर्खा," विल्फ्रेड नंतर म्हणाला, "जिथे तिथे गुडघे टेकायचे नाहीत. पुढच्या माणसाच्या मागे गपगुमान चालत राहायचं."

"बरं, दादा."

सगळे जेरुसलेमजवळच्या बेथलेहेमला पोचले. येशू जन्मला त्या जागी माणसं गुडघे टेकत होती. आपल्या संघातलेही टेकत होते, पण चेहरा फोनकडे करून. तिथे सगळ्यांना फार आध्यात्मिक वाटलं, फोटोत तसं दिसतंय.

बस्त्यावने गुडघे टेकले नाहीत. तो पुढच्या माणसाच्या मागे चालत राहिला. पुढचा माणूस पोलंडचा होता. बस्त्याव त्याच्या मागे बाहेर पडला, त्याच्या बसमध्ये चढला, त्याच्या हॉटेलात गेला आणि त्याच्याशेजारी बसून बीटाचं सूप प्याला. पोलंडच्या म्हाताऱ्यांना तो आवडला. एकीने त्याला लोकरीची टोपी दिली.

विल्फ्रेडने गावभर शोधून त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या नादात त्याची बाजारातली खरेदी राहिली, म्हणून तो जास्तच तापला होता.

"तू वाहवत चालला होतास आणि मी तुला ओढून काढलं. ख्रिस्ती माणूस असाच वागतो. कोणी हातचा जाताना दिसला की विचारत बसायचं नाही. धरायचं आणि बाहेर ओढायचं. डोक्यात शिरलं?"

"शिरलं, दादा."

मग यार्देन नदी आली. विल्फ्रेडने तिथे बाप्तिस्म्याचा पांढरा झगा विकत घेतला. पाण्यात उतरायला नाही, घालून गावात मिरवायला. काठावर परदेशी भाविकांची गर्दी होती. त्यांचे एक वजनदार धर्मगुरू छातीएवढ्या पाण्यात गेले, त्यांनी हात जोडले आणि डोकं पाण्याखाली घातलं.

बस्त्यावने विचारत बसणं टाळलं. त्याने उडी मारली, धर्मगुरूंना दाढीला धरलं आणि ओढत काठावर आणलं. ते परत पाण्यात गेले. त्याने परत आणलं. शेवटी त्यांच्या माणसांनी बस्त्यावलाच उचलून विल्फ्रेडच्या पायाशी आणून टाकलं.

"अरे गाढवा, ते बुडत नव्हते," विल्फ्रेड दात खात म्हणाला. "पाण्यात जुना माणूस मरतो आणि नवा वर येतो. याला आध्यात्मिक वाढ म्हणतात. अशा वेळी मध्ये पडायचं नाही. लांब उभं राहून टाळ्या वाजवायच्या."

"आणि तो ओरडला तर?"

"ओरडतातच. पाणी गार असतं."

बस्त्यावने हे नीट मनात ठेवलं. परतीच्या विमानात तो गप्प बसून होता. विल्फ्रेडला वाटलं, आला शहाणपणा. त्याने गॉगल पुसून ठेवला.

रविवारी गावाने स्वागत केलं. चर्चसमोर बँड लागला. चर्चच्या मागे बावखल आहे, म्हणजे गावचं जुनं तळं. मिस्साच्या प्रार्थनेआधी विल्फ्रेडने पांढरा झगा चढवला आणि बस्त्यावला घेऊन तिकडे गेला. यार्देनवर राहिलेला फोटो त्याला इथे काढायचा होता. पाणी ते पाणी, कोणाला कळतंय?

"सगळा झगा येतोय का?" बस्त्यावच्या हातात फोन देऊन पायरीवर उभं राहत त्याने विचारलं.

"पाय येत नाहीत, दादा. मागे सरक."

विल्फ्रेड मागे सरकला. पायरीवर शेवाळ होतं. झगा पायांत अडकला आणि तो पाठीवर बावखलात गेला. त्याला पोहता येत नव्हतं.

"बस्त्याव, मेलो रे, हात दे."

बस्त्यावने फोन खिशात ठेवला, चार पावलं लांब गेला आणि टाळ्या वाजवू लागला.

टाळ्या ऐकून माणसं धावत आली. पुढे फादर आल्बन, मागे बँड.

"काय चाललंय?" फादरांनी विचारलं.

"दादाची आध्यात्मिक वाढ चाललीय. मध्ये पडू नका."

कार्यक्रमच असेल असं समजून लोकही टाळ्या वाजवू लागले. बँडने सूर धरला. विल्फ्रेड दुसऱ्यांदा खाली गेला तेव्हा ढोलवाल्याला संशय आला. त्याने उडी मारली आणि त्याला पायरीवर आणून बसवलं.

विल्फ्रेडच्या डोक्यावर जलपर्णी होती. त्याने आधी पाणी ओकलं आणि मग शिव्या. बस्त्यावला, त्याच्या आईला, जेरुसलेमला, यार्देनला आणि ज्याने हे लोढणं गळ्यात बांधलं त्या फादराला. सगळं गाव ऐकत होतं. बायकांनी पोरांचे कान झाकले.

 रोमचं काय होणार ते सगळ्यांना कळलं.

बस्त्यावचं तोंड मात्र उतरलं. त्याने वाकून विल्फ्रेडच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"फादर, हा तर जुनाच वर आला," तो म्हणाला आणि त्याने विल्फ्रेडला परत आत ढकललं.