पहिल्या घासाची रीत

ऐका हो, लहानथोर सगळेच ऐका. फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात एक कोठारी होता. राजाच्या धान्याचं कोठार तो डोळ्यांत तेल घालून राखायचा. त्याच्यावरच्या किल्लेदारानं मात्र ऐन दुष्काळात निम्मं धान्य परस्पर विकलं आणि आळ घातला कोठाऱ्यावर. बिचाऱ्याची गाढवावरून धिंड निघाली. त्यानं अंथरूण धरलं ते धरलंच.

त्याची एकुलती लेक चितेसमोर म्हणाली, "बाबा, त्या किल्लेदाराचा जीव घेतल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही."

ती नाव बदलून सगुणा झाली आणि थेट किल्लेदाराच्या घरी स्वयंपाकाला राहिली. त्याच्या जेवणात विष कालवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. पण त्या घराची एक रीत होती. रांधणारीनं प्रत्येक पदार्थातला पहिला घास धन्यासमोर स्वतः खायचा, मगच ताट वाढायचं. झाली का पंचाईत!

सगुणा हट्टाला पेटली. किल्लेदार आपणहून ही रीत मोडेल, इतका त्याचा विश्वास कमवायचा. तिनं सात वर्षं रांधलं आणि सात वर्षं चाखलं. कधी मीठ कमीजास्त झालं नाही. एकदा ती तापानं फणफणली, तेव्हा किल्लेदाराच्या बायकोनं, बाईसाहेबांनी, पंधरा दिवस तिच्या उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. "लेकीसारखी आहेस गं मला," म्हणायच्या. सगुणाला गलबलून यायचं. मग ती बाबांची धिंड आठवायची आणि मन घट्ट करायची.

अखेर एका सणाला किल्लेदार म्हणाला, "सगुणा, पुरे झालं तुझं चाखणं. आजपासून खुशाल वाढत जा."

तिनं त्याच्या खिरीच्या वाटीत विष कालवलं. मग ती वाटी तिनं त्याच्या पानात ठेवली.

तेवढ्यात बाईसाहेब पुढे आल्या. "अहो, हे काय? सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे ती. हिला सूट दिलीत, बरं केलंत. मग पहिला घास मी खाते." आणि त्यांनी वाटी उचललीसुद्धा.

सगुणानं झडप घालून वाटी उडवली. "नका, बाईसाहेब! विष आहे त्यात!"

मग काय, सगळंच बाहेर आलं. बाप कोण, चोर कोण, ती इथे का आली, सगळं ती रडत रडत बोलून गेली. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

बाईसाहेब मटकन पाटावर बसल्या. "अगं वेडे! पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं असतंस, तर तुझा हात धरून मी राजापुढे उभी राहिले असते. आता विष कालवणारीचं ऐकणार कोण?"

तरी त्या दरबारात गेल्या. किल्लेदारानं कानांवर हात ठेवले. राजा म्हणाला, "जी अन्नात विष घालते, तिच्या शब्दावर मी कुणाला शिक्षा करू?" किल्लेदार सुटला. बाईसाहेब त्याचं घर सोडून माहेरी गेल्या. सगुणा हद्दपार झाली, आणि कोठाऱ्याच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला.

म्हणून सांगतो, बाबांनो: जो सूड घ्यायला निघतो, तो न्याय मागायचा आपला हक्क स्वतःच्याच हातानं घालवून बसतो.