मास्तर, तांबट आणि एक क्रियापद

एका गावात एक मास्तर होते आणि त्यांच्या भिंतीपलीकडे एक तांबट होता. दोघंही एकटे. मास्तरांचं नाव त्र्यंबक लेले. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर इंग्रजी क्रियापदांचा कोश लिहायला घेतला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. तांबटाचं नाव भिकाजी करडे. तो तांब्याचे हंडे, घागरी, बंब घडवायचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक सासरी होती. दिवसभर भिकाजीची हातोडी ठणठणायची आणि दिवसभर मास्तर भिंतीकडे बघून चरफडायचे.

संध्याकाळी मात्र मास्तर स्वतःच भिंतीवर तीनदा ठोकायचे. मग भिकाजी हात धुऊन मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आज कोणता?"

मास्तर त्या दिवशीचं क्रियापद सांगायचे. ते कुठून आलं, वाटेत कोणत्या भाषांत मुक्काम करून आलं, पूर्वी काय अर्थ होता, आता काय आहे. भिकाजी मान डोलवत ऐकायचा. त्याला इंग्रजीचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. त्याला समोर कोणीतरी बोलतं आहे एवढंच पुरे होतं. खरं सांगायचं तर मास्तरांनाही समोर कोणीतरी ऐकतं आहे एवढंच हवं होतं, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं.

असं अकरा वर्षं चाललं. या अकरा वर्षांत भिकाजीने मास्तरांना हजारो प्रश्न विचारले असतील. मास्तरांनी भिकाजीला एकही विचारला नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण शाळेत मास्तर जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं मास्तरांना आधीपासून ठाऊक असतात. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न तोंडातून काढायचा म्हणजे लेलेमास्तरांना कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटे. त्यामुळे भिकाजीच्या लेकीचं नाव काय, ती कोणत्या गावी दिली आहे, भिकाजीचा उजवा हात हल्ली का थरथरतो, यातलं मास्तरांना काहीच माहीत नव्हतं.

एके वर्षी मास्तरांनी 'आस्क' हे क्रियापद हाती घेतलं. आस्क म्हणजे विचारणे. पोरासोरांना येणारा शब्द. दोन दिवसांत उरकेल असं त्यांना वाटलं होतं. पण शब्द चिवट निघाला. विचारणे हा अर्थ तर होताच. एखाद्याकडे काही मागणे हाही होता. एखाद्याला घरी बोलावणे, हाही होता. मूळ काही सापडेना. मास्तरांनी जाडजूड पुस्तकं मागवली आणि त्यांत डोकं खुपसून बसले.

त्याच सुमारास भिकाजी एका संध्याकाळी आला तो 'आज कोणता' म्हणालाच नाही. ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "मास्तर, लेकीनं बोलावलंय. कायमचं. म्हणते, बाबा, आता हात चालत नाही तुमचा, तांब्याला गिऱ्हाईक नाही, तिथं एकटं राहून काय करता? काय करू मी?"

खोटं कशाला सांगा, 'नका जाऊ' हे दोन शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले. पण लगेच दुसरा विचार आला. आपण म्हटलं आणि हा नाही म्हणाला तर? लेक सोडून शेजाऱ्यासाठी कोण राहतं? मग आपली काय शोभा राहिली? त्यांनी घसा साफ केला.

"बोलावलंय म्हणालात ना?" ते म्हणाले. "गंमत बघा, इंग्रजीत त्यालाही आस्कच चालतं. घरी बोलावणं, जेवायला बोलावणं, सगळ्याला तोच शब्द."

भिकाजीने नेहमीसारखी मान डोलावली. "असं होय," म्हणाला आणि उठून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी भिकाजी दारात उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा होता, पायांत नव्या वहाणा. बाहेर गावातल्या दस्तगीरचा टेम्पो घरघरत होता आणि त्यात दोन ट्रंका आणि एक वळकटी पडली होती.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम होत नाही, अशी समजूत. ती इतर गावांतही आहे, पण या गावात ती फार कडक. कोणी पिशवी घेऊन निघालेला दिसला की लोक नुसतं "निघालात?" म्हणतात आणि गप्प बसतात. त्याला वाटलं तर तो सांगेल, नाही तर नाही.

"येतो मास्तर," भिकाजी म्हणाला.

"निघालात?" मास्तर म्हणाले.

"हो, निघालो." पण तो निघाला नाही. उंबऱ्याशी उभाच राहिला. एकदा त्याने वहाणेचा अंगठा नीट केला. एकदा टोपी काढून परत घातली. टेम्पोत दस्तगीरने हॉर्न वाजवला, तरी तो वळला नाही.

मास्तर मनात म्हणत होते, निघालेल्या माणसाला विचारू नये. रीत आहे. शुभ काम आहे, लेकीकडे चालला आहे. आपण कशाला आडवं जा?

रीत होती, हे खरं. पण 'कुठे' विचारायची मनाई होती, 'राहता का' विचारायची नव्हती. चौतीस वर्षं पोरांच्या वहीतल्या चुका काढलेल्या माणसाला एवढा फरक कळला नसेल असं मला काही वाटत नाही.

"बरं, या मग," मास्तर म्हणाले.

भिकाजी गेला.

पहिले दोन दिवस मास्तर खूश होते. काय शांतता! काम दुपटीने झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आपण तासाभरात एक ओळही लिहिलेली नाही, नुसते भिंतीकडे कान लावून बसलो आहोत. आठव्या दिवशी ते संध्याकाळी ओट्यावर बसले आणि स्वतःशीच एक क्रियापद मोठ्याने सांगून बघितलं. रस्त्याने चाललेल्या दोन बाया दचकून थांबल्या. मास्तर आत गेले आणि दार लावून घेतलं.

महिना गेला आणि एका सकाळी 'आस्क'चं मूळ सापडलं. एका जाड पुस्तकाच्या तळटीपेत दडून बसलं होतं. त्या इंग्रजी शब्दाचं आणि संस्कृतातल्या 'इच्छति'चं कूळ एकच! ज्या मुळापासून आपल्याकडे इच्छा आली, त्याच मुळापासून तिकडे हा शब्द निघाला. म्हणजे फार पूर्वी, दोन्ही घराणी वेगळी होण्याआधी, त्या मुळाचा अर्थ होता शोधणे, हवं असणे. विचारणं नंतर आलं. आधी हवं असणं होतं.

मास्तर आनंदाने खुर्चीवरून उठले आणि त्यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं.

पलीकडून काहीच आलं नाही. मास्तर तसेच उभे राहिले. भिंतीला टेकवलेली मूठ त्यांनी कितीतरी वेळ खाली घेतली नाही. मग ते मटकन खाली बसले आणि रडले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस भर सकाळी जमिनीवर बसून रडला, आणि ते बघायलाही कोणी नव्हतं.

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि ते विचारायला बाहेर पडले.

पहिलं घर शेवंताबाईंचं. "भिकाजीची लेक कोणत्या गावी असते हो?" मास्तरांनी विचारलं. वाक्य इतकं जड गेलं की शेवटचा शब्द ऐकूच आला नाही.

शेवंताबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अगंबाई, आम्हाला कसं माहीत असणार? निघालेल्या माणसाला विचारतात का कुणी? आणि मास्तर, भिंतीला भिंत तुमची. आम्हाला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक."

गिरणीवाल्यानेही तेच सांगितलं. शिंप्यानेही तेच. सगळ्या गावाला वाटत होतं की मास्तरांना ठाऊक आहे. शेवटी फेरीवरून परतलेला टेम्पोवाला दस्तगीर भेटला. "देवळणीला सोडलं की त्यांना," तो म्हणाला. "पण मास्तर, सगळ्या वाटेनं मागंच बघत होते."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. देवळणीत उतरून त्यांनी पानाच्या टपरीवर विचारलं, "नवे तांबट आलेत, भिकाजी करडे, त्यांच्या मुलीचं घर कोणतं?"

"मुलीचं नाव काय?" टपरीवाला म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. अकरा वर्षं रोज संध्याकाळी माणूस समोर येऊन बसत होता. "ठाऊक नाही," ते म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या दुकानात विचारलं, तिसऱ्या घरी विचारलं, शाळेच्या फाटकाशी विचारलं. तिथे कोणीतरी सांगितलं, "ते आजोबा होय? नातीला रोज आणून सोडतात. कमळवहिनींचं घर, त्या चिंचेपलीकडं."

भिकाजी ओट्यावर शेंगा सोलत बसला होता. मास्तरांना बघून तो गडबडीने उठला आणि शेंगा मांडीवरून खाली सांडल्या.

"मास्तर! तुम्ही? सगळं ठीक ना?"

मास्तर उभेच होते. बसले असते तर धीर गेला असता. "भिकाजी, परत चला," ते म्हणाले. "मला करमत नाही. तुम्ही नसलात की मला करमत नाही. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. आज म्हणतो. याल का परत?"

भिकाजीने सांडलेल्या शेंगा एकेक करून गोळा केल्या.

"घर विकलं मास्तर," तो म्हणाला. "ऐरण मोडीत गेली. आता नातीला माझी सवय झाली आहे. मी शाळेपाशी उशिरा पोचलो तर रडते ती. आता नाही येता यायचं."

मास्तर हो म्हणाले. तेवढ्यात भिकाजीची लेक कमळ पदराला हात पुसत बाहेर आली. "हेच का ते मास्तर?" ती बापाला म्हणाली, आणि लगेच मास्तरांकडे वळली. "काका, जेवायला थांबा. आजचा दिवस राहा ना, काय घाई आहे?"

बघा, ओळख होऊन मिनिटही झालं नव्हतं आणि तिने विचारून टाकलं. मास्तर जेवायला थांबले. जेवताना त्यांनी कमळला तिच्या नवऱ्याचं काम विचारलं, मुलीचं नाव विचारलं, भिकाजीला हाताला काय औषध चालू आहे ते विचारलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळत होतं आणि प्रत्येक उत्तर त्यांना नवं होतं. भिकाजी त्यांच्याकडे नवल करत बघत होता. राहा म्हणून दोघांनीही पुष्कळ आग्रह केला, पण मास्तर दुपारच्या गाडीने निघाले.

भिकाजी त्यांना थांब्यापर्यंत पोचवायला आला. दोघं लिंबाच्या सावलीत उभे राहिले. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा भिकाजी म्हणाला, "मास्तर, एक विचारू?"

"विचारा."

"दोन ट्रंका आणि एक वळकटी. अर्ध्या दिवसाचं काम. मी चार दिवस लावले. एकच ट्रंक भरायचो, उपसायचो, परत भरायचो. झाकण मुद्दाम आपटायचो, भिंतीपाशी. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

मास्तर गाडीकडे बघत होते. ती फाट्यावर वळली होती.

"येत होतं," ते म्हणाले.

गाडी आली. मास्तर चढले आणि खिडकीपाशी बसले. भिकाजीने खालून हात वर केला आणि मग घड्याळ बघितलं, कारण नातीची शाळा सुटायची वेळ झाली होती.

तात्पर्य: आपल्याला कोणी हवं असेल तर ते तोंडाने विचारावं, आणि माणूस दारात उभा आहे तोवर विचारावं. नकाराच्या भीतीने जो विचारत नाही, त्याला नकार तर मिळतोच, आणि होकार किती जवळ होता हेही त्याला फार उशिरा कळतं.